टायरच्या हवेचा दिवा

आमचे भाऊजी शेषराव, म्हणजे माया मोठ्या बहिणीचा, सुंदराचा नवरा. जिंदगीभर एसटी चालवली. त्यायचा एकच नेम, स्टेअरिंगपुढं धोक्याचा दिवा लागला की गाडी उभी. नेम चांगला होता, मी नाही म्हणत नाही. पण त्या दिवशी सुंदराबाई अकोल्याच्या दवाखान्यात ऑक्सिजनवर होती. भाची दीक्षाचा सकाळीच फोन आला, "मामा, बाबाले घेऊन लवकर या. आई त्यायची वाट पाहून राहिली."

आमी अमरावतीहून निघालो. बडनेऱ्यापाशी त्यायच्या जुन्या कारमध्ये टायरच्या हवेचा पिवळा दिवा लुकलुक करू लागला. भाऊजीनं लगेच पंक्चरच्या दुकानापुढं गाडी लावली. मेकॅनिकनं चारही चाकांची हवा मोजली.

"काका, हवा बरोबर हाये. दिवा आधी लुकलुकते अन् मंग तसाच जळत राह्यते, म्हणजे चाकातल्या सेन्सरची बॅटरी संपली. सेन्सर सवडीनं बदला, आता बिनधास्त जा."

"झालं ना समाधान? चला," मी म्हणलो.

मूर्तिजापूर आलं तं हा बाप्पा पुन्हा उभा. "दिवा जळूनच राहिला, सूर्यभान. टायर फुटलं तं?" तिथला पंक्चरचा दुकानदार जेवाले गेलेला. भाऊजी चाकापाशी उकिडवे बसले अन् टायरवर थापा मारून आवाज ऐकू लागले. माई तं मस्तकाची शीर तडकली.

"तिकडं बाई चालली अन् तुमी इथं हवा पाहून राहिले?"

"तिच्यापर्यंत पोहोचलो पाहिजे ना रे, म्हणून तं. अन् जास्त असतं तं दीक्षानं फोन केला असता."

दुकानदार आला, त्यानंही तेच सांगितलं, तवा कुठं गाडी हालली.

दवाखान्यात पोहोचलो तं सुंदराच्या तोंडावर चादर होती. माया तोंडात शिव्या आल्या होत्या, खरं सांगतो. दीक्षा बापाच्या गळ्यात पडली.

"माय, तू फोन काहून नाही केला?" भाऊजीनं विचारलं.

"मी लावून राहिली होती, बाबा. आईनं हात धरला. म्हणे, नको लावू, ते गाडी चालवून राहिले असतीन, त्यायचं ध्यान जाईन."

भाऊजी मटकन खाली बसले. मी त्यायच्या बाजूले जाऊन बसलो. राग कुठं गेला कोण जाणे, मले निस्तं रडू येत होतं.