पडद्यावरून गेलेला 'त'

माझा जावई आमच्या चर्चचा पाळक झाला तेव्हा मंडळी मला म्हणाली, "नशीबवान आहात, तुमची जागा घरच्याच माणसानं घेतली." कसलं डोंबलाचं नशीब! उभा जन्म ज्या वेदीपाशी मी उभा राहिलो, तिच्या एका बाजूला आता ड्रम, दुसऱ्या बाजूला उपासनेचे शब्द दाखवणारा भला मोठा पडदा आणि दाराशी कॉफीचं मशीन. ते घरघरायला लागलं की प्रार्थना त्यालाच ऐकू जात असणार, आम्हाला तर नाही.

हेही गिळलं मी. सासऱ्यानं तोंड उघडलं की लेक फुगून बसते. पण या पठ्ठ्यानं 'त' खाल्ला, तेव्हा मात्र माझं डोकं फिरलं.

आम्हां लूथरन पंथाच्या ख्रिस्ती लोकांत उपासनेच्या सुरुवातीला सगळे मिळून पापं कबूल करतात. मग पाळक मंडळीकडे वळून म्हणतो, "ख्रिस्ताच्या आज्ञेवरून मी तुम्हाला तुमच्या सर्व पापांची क्षमा करतो." करतो. आत्ता, इथं, तुम्हाला. जावईबापूंनी पडद्यावर काय चढवलं? "देव आपल्या सर्वांना क्षमा करो."

"हे काय हो?" मी विचारलं.

"बाबा, 'करतो' जरा उर्मट वाटतं. आजकाल कुणाला वरून बोललेलं आवडत नाही. 'करो' कसं सौम्य आहे."

"सौम्य? वाढदिवसाच्या कार्डावर असतं ते! भलं होवो, गाडी वेळेवर येवो!"

तो हसला. पालथ्या घड्यावर पाणी.

पहिल्या बाकावर मंडळीतला एक डायवर बसायचा. मालट्रक चालवायचा. एकदा स्टीअरिंगवर त्याचा डोळा लागला आणि शेजारी बसलेला धाकटा भाऊ गेला. कोर्टानं सोडलं, बायकोनं समजावलं, डॉक्टरांनी गोळ्या दिल्या. गुण कशाचाच नाही. पण रविवारी ते एक वाक्य ऐकलं की रुमालानं तोंड पुसायचा आणि सोमवारी गाडीवर जायचा. पुढच्या रविवारी पुन्हा तेच. माझ्या हातून वर्षानुवर्षं तेवढं एक काम झालं.

'करो' सुरू झालं आणि थोड्याच दिवसांत त्याची बायको माझ्या दारात. "भिंतीकडे तोंड करून पडलेत. गाडीच्या चाव्या मालकाला देऊन आले. जेवतसुद्धा नाहीत. तुम्ही चला."

गेलो. त्यानं मान न वळवताच विचारलं, "पाळकसाहेब, 'करो' म्हणजे अजून केलेली नाही ना? अर्ज नुसता पुढं गेलाय."

वाक्य माझ्या जिभेवर आलं होतं. पण मी निवृत्त. मंडळीनं नेमलेला पाळक जावई. आणि खरं सांगायचं तर ज्यानं घाण केली त्यानंच ती निस्तरावी, असा माझा हट्टही होता. डायवरला हाताला धरून उठवलं आणि चर्चमध्ये आणलं. बायको मागोमाग आली. जावई पडद्याच्या वायरी गुंडाळत होता.

सगळं सांगितलं आणि म्हणालो, "याच्या डोक्यावर हात ठेवा आणि 'करतो' म्हणा."

जावयानं वायरी खाली टाकल्या. "बाबा, मी कोण क्षमा करणारा? आज सकाळीच तुमच्या लेकीला नको ते बोललो. तुम्हाला तर मनातल्या मनात रोज शिव्या देतो. माझ्या तोंडी 'करतो' खोटं वाटतं. 'करो' म्हटलं की निदान खोटं तरी पडत नाही."

घ्या! इतके दिवस मला वाटत होतं, गाढव आधुनिक झालंय. ते तर घाबरलेलं होतं.

"अहो शहाणे, तुम्ही कोणीच नाही! म्हणून तर वाक्य आयतं दिलंय. पोस्टमन भांडकुदळ असला म्हणून पत्र खोटं होतं का? ठेवा हात!"

त्यानं ठेवला. वाक्य म्हणाला, पण 'करतो'ला आवाज पार बसला.

"पुन्हा म्हणा," डायवर म्हणाला. "नीट ऐकू नाही आलं."

जावई पुन्हा म्हणाला, मोठ्यानं. मग डायवरनं रुमाल काढून तोंड पुसलं आणि बायकोला म्हणाला, "भूक लागली गं."

ती दोघं गेली. माझी छाती फुगली होती. जिरवली एकदाची! निघणार, तेवढ्यात मागं वळून पाहिलं तर जावई वेदीपुढं गुडघ्यांवर.

"बाबा, आता मला."

"मी निवृत्त आहे."

"मग पाळकानं जायचं कुणाकडे?"

आता आली का पंचाईत! त्याच्या डोक्यावर हात ठेवला आणि समोर ते ड्रम दिसले. दाराशी मशीन घरघरलं. लेकीला नको ते बोलला होता, मला शिव्या घालत होता. सगळा राग उसळून वर आला आणि तोंडात आलं ते 'करो'. देव करो, मला कशाला मध्ये घेता? किती सोपं होतं! तेवढं म्हणून हात झटकून घरी जाता आलं असतं.

तो मान खाली घालून वाट बघत होता.

"मी तुला," मी दात-ओठ खातच म्हणालो, "तुझ्या सर्व पापांची क्षमा कर... तो."