अंधारातली गळती

पोलादी टाकीच्या खिडकीवर काळं फडकं घट्ट बांधलेलं होतं. ते कुणी काढायचं नाही, हा नियम प्रयोग करणाऱ्या संशोधिकेचाच. टाकीतली हवा काढून टाकलेली आणि आत तळहाताएवढा पिवळ्या प्लास्टिकचा पातळ तुकडा. उपग्रहांना असल्याच प्लास्टिकात गुंडाळतात. अंतराळातले इलेक्ट्रॉन त्यात शिरून ठाण मांडतात, साचत जातात, आणि एखाद्या दिवशी ठिणगी पडून आतली यंत्रं निकामी होतात. तिने तुकड्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा केला होता आणि तो विद्युतभार अंधारात किती सावकाश गळतो, ते महिनाभर मोजत होती. पुढच्या आठवड्यात उपग्रहवाल्यांची बैठक. तोवर मोजणी पुरी झाली तर तिचं प्लास्टिक वर जाणार, नाहीतर दुसऱ्या कुणाचं.

महिनाभर ती एकटीच. कार्यशाळेतले लोक तिला घुबड म्हणायचे. हल्ली तेही दारातूनच हात करून पुढे जात.

त्या दुपारी धाकटा भाऊ आला. दोन विमानांच्या मधे त्याला थोडा वेळ होता.

"ताई, खुर्च्या तरी दोन ठेवायच्यास."

"दुसरीवर बसणार कोण?"

तो हसला. "ताई काय करते म्हणून कुणी विचारलं की आई सांगते, प्लास्टिक राखत बसते."

"खरं तेच सांगते."

"मग दाखव की. एवढ्या लांबून येऊन फडकं बघून जाऊ?"

नाही म्हणायला तिने तोंड उघडलं. पण तो चष्मा पुसून तयारच होता. क्षणभर दाखवायला काय हरकत आहे, असं मनाशी म्हणत तिने फडक्याची गाठ सोडली आणि मोबाइलचा टॉर्च काचेला लावला.

"एवढंसंच?" मग जरा थांबून तो म्हणाला, "छान आहे गं."

ती सांगत सुटली. इलेक्ट्रॉन कसे अडकतात, ठिणगी कशी पडते. हातवारे करत, न थांबता. बोलता बोलता तिचं भार मोजणाऱ्या मीटरकडे लक्ष गेलं. आकडा भराभर उतरत होता. उजेड लागला की हे प्लास्टिक भार धरून ठेवत नाही. तिला हे ठाऊक नव्हतं असं थोडंच होतं?

"काय झालं?"

"काही नाही."

"तुझं 'काही नाही' मी लहानपणापासून ओळखतो."

उजेडाने महिन्याची मोजणी वाया गेली, तिने सांगितलं. त्याचा चेहरा पडला.

"मग दाखवलंस कशाला?"

"तू बघायला मागितलंस म्हणून. इथे कुणी मागत नाही."

"मी सांगतो तुझ्या साहेबांना, माझ्यामुळे झालं."

"गप बस. नीघ, विमान चुकेल."

तो गेल्यावर तिने साहेबांना फोन लावला. "टाकीला उजेड मीच दाखवला, सर. सगळा भार गळला."

साहेब म्हणाले, "मग बैठकीला दुसरं प्लास्टिक जाईल. कळतंय ना?"

"हो."

"टाकी बंद करायची तर करा. चालू ठेवायची असली तर तुमची मर्जी."

तिने फोन ठेवला. मीटर शून्याला टेकला होता. आता तिच्या आकड्यांची कुणी वाट बघत नव्हतं. तिने काचेवर फडकं पुन्हा घट्ट बांधलं आणि तुकड्यावर इलेक्ट्रॉनांचा मारा पुन्हा सुरू केला.