काळ्या चंद्रकळेपुढे चुकलेला लाइट मीटर

मित्रांनो, मला पाहून बहुतेकांना मी घड्याळ वाटतो. एका लग्नात तर एका आजोबांनी मला कानाशी धरलं आणि "बंद पडलं हो हे" असं सांगून परत दिलं. मी घड्याळ नाही. मी एक जुना लाइट मीटर आहे, म्हणजे उजेड मोजणारं यंत्र. माझ्या पोटात एक नाजूक सुई आहे आणि कपाळावर मधमाश्यांच्या पोळ्यासारखी काच. काचेवर उजेड पडला की सुई हलते. कॅमेऱ्यात किती उजेड घ्यायचा ते फोटोग्राफरला मी सांगतो. मला बॅटरी लागत नाही, चहा लागत नाही, रविवारची सुट्टीही लागत नाही.

कारखान्यात मला एकच धडा शिकवला होता. समोर काहीही येवो, ते मध्यम राखाडी आहे असं धरून चालायचं. ना धड काळं, ना धड पांढरं. जगातल्या बऱ्याच वस्तू या हिशेबात बसतात, म्हणून माझं काम छान चालायचं. पण खरं सांगू? त्यामुळे मला फार घमेंड चढली होती.

माझे मालक नरहरीभाऊ. त्यांचं गाव म्हणा, आजोळ म्हणा, सगळं यवतमाळकडचं, पण स्टुडिओ रायपूरच्या सदर बाजारात. गळ्यात कातडी दोरीने मला अडकवून ते स्कूटरवरून गावभर फिरायचे. लग्नातले लाल शालू, हिरव्या साड्या, पिवळे फेटे, सगळं मी अचूक मोजलं. छत्तीसगड राज्य झालं आणि रायपूर राजधानी झाली, तेव्हा तर आमची चंगळच झाली. नवी ऑफिसं, नवे साहेब, ओळखपत्रांच्या फोटोंसाठी दारात रांग! "माझा मीटर कधी चुकत नाही," असं भाऊ गिऱ्हाइकांना सांगायचे आणि मी त्यांच्या छातीवर ऐटीत डुलायचो.

चुकलो नव्हतो असं नाही. बीरगांवच्या एका दूधवाल्याच्या म्हशीचा फोटो काढला होता. म्हैस अशी काळी कुळकुळीत, की तिच्या मालकाचा जीव तिच्यात अडकलेला. प्रिंट आली ती राख फासलेल्या जनावराची. तो तडक म्हणाला, "ए मोर भइंसी नोहय, भैया!" म्हणजे, ही माझी म्हैस नव्हेच! भाऊंनी दोष म्हशीला दिला. धुळीत लोळली असेल म्हणाले. मीही गप्प बसलो.

मग पहिलीच संक्रांत आली, राजधानीतली. शंकर नगरात राहणाऱ्या वनमालाबाईंनी भाऊंना बोलावलं. त्यांच्या मुलाचं, परागचं, नुकतंच लग्न झालं होतं. सून देवश्री रायपुरातच वाढलेली, अर्धं मराठी आणि अर्धं हिंदी बोलणारी. नव्या सुनेची पहिली संक्रांत म्हणजे काळी साडी आणि वर हलव्याचे दागिने. शेजारच्या दीदी दबक्या आवाजात विचारून गेल्या, "नई बहू को काला?" त्यावर वनमालाबाई हसून म्हणाल्या, "आमच्यात आज काळंच शुभ असते."

दागिने वनमालाबाईंच्या आईने, शारदाआजींनी, यवतमाळहून करून पाठवले होते. हलवा करणं म्हणजे खायचं काम नाही. मंद आचेवर परात, त्यात तीळ, वरून थेंब थेंब पाक आणि बोटांनी सतत हलवणं. असं कित्येक दिवस केलं की दाण्यादाण्यावर बारीक काटा उभा राहतो. काट्याशिवाय हलवा म्हणजे बोडका हलवा. आजींचं वय एक्याऐंशी, हात थरथरायचे, नजर अधू. घरचे म्हणायचे छान झालाय, पण आजींचा विश्वास बसेना. त्यांनी निरोप धाडला होता: "मोठा फोटो पाठव. भिंगातून मीच पाहीन. काटा नसन, तर समजीन की हात गेले माझे."

सकाळी गच्चीवर देवश्री उभी राहिली. काळीभोर चंद्रकळा, डोक्यावर हलव्याचा मुकुट, गळ्यात हार, दंडांवर बाजूबंद. भाऊंनी काळा-पांढरा रोल भरला, मला साडीजवळ धरलं. मी साडी पाहिली, सवयीने तीही राखाडीच धरली आणि ओरडलोच, अंधार आहे, अंधार! भरपूर उजेड घ्या! भाऊंनी माझं ऐकलं.

दुपारी स्टुडिओत रोल धुतला. प्रिंटमध्ये साडी म्हशीसारखीच राखाडी, आणि हलवा? नुसते खडूचे तुकडे. भाऊंनी दुसरी प्रिंट गडद काढून पाहिली. साडी काळी झाली खरी, पण हलव्यावर काटा काही उगवला नाही. मी उजेडच इतका मागवला होता, की पांढऱ्यातली सगळी नक्षी करपून गेली होती. भाऊंनी घड्याळाकडे पाहिलं. पाच वाजता हळदीकुंकू, आणि त्यानंतर दागिने मोडून हलवा आल्यागेल्याला वाटून टाकायचा!

साडेतीनला आम्ही परत शंकर नगरात. वनमालाबाईंनी प्रिंट पाहिली आणि त्यांचा चेहराच पडला. "हा तर बोडका दिसून राहिला, नरहरीभाऊ! आईले हा पाठवू तरी कसा?"

"मीटर तर बरोबर आहे, वहिनी. कुठं चुकलं, मलेच समजून नाही राहिलं."

देवश्रीने मला हातात घेतलं, उलटसुलट केलं. "काका, याले साडीजवळ काहून नेलं? काला देखके घाबरला असन बिचारा."

"म्हणजे?"

"म्हणजे ऊन तर सेम आहे ना? जितकं साडीवर, तितकंच माझ्या हातावर. मग हातच नापून पाहा." असं म्हणून तिने तळहात उन्हात पसरला.

भाऊंनी मला तळहाताजवळ धरलं आणि माझी सुई टुणकन उडाली. अरे बापरे, इतका उजेड होता इथे! भाऊ कपाळावर हात मारून म्हणाले, "पोट्टी, तू तर माही मास्तरीण निघाली!" तळहात माझ्या राखाडीपेक्षा जरा उजळ असतो, त्यामुळे मी उजेड कमी मागतो, म्हणून त्यांनी मी सांगितल्याच्या दुप्पट उजेड घेतला. तरीही सकाळच्या मानाने तो पाव हिस्साच होता. म्हणजे सकाळी मी चौपट मागितला होता! मला इतकी लाज वाटली म्हणून सांगू, सुई शून्यावर जाऊन बसली असती तर बरं झालं असतं.

भाऊंनी भराभर चार फोटो काढले. खाली बायका जमू लागल्या होत्या.

दुसऱ्या दिवशी मोठी प्रिंट निघाली. साडी काळी, पण तिच्या चुण्या मोजून घ्याव्यात अशा स्पष्ट. आणि हलवा! प्रत्येक दाण्यावर काटा, बोटाला टोचेल असा. भाऊ एकटेच हसत होते, मीही मनातल्या मनात नाचत होतो. प्रिंट यवतमाळला गेली.

आठवड्याने दुसरी प्रत द्यायला आम्ही वनमालाबाईंकडे गेलो, तेवढ्यात फोन वाजला. शारदाआजी इतक्या मोठ्याने बोलायच्या की खोलीभर ऐकू यावं.

"वनमाले, काटा दिसला वं मले! भिंगानं एकेक दाणा पाहिला. हात आहेत अजून माहे!"

वनमालाबाईंनी पदर डोळ्यांना लावला.

"पण डाव्या बाजूबंदाचा एक दाणा गायब आहे. कोणं खाल्ला?"

देवश्री लाल झाली. फोन घेऊन हळूच म्हणाली, "आजी, मैंने. सकाळीच. भूक लागली होती."

पलीकडून आजींनी विचारलं, "गोड होता का?"

मित्रांनो, आता भाऊंकडे नवा कॅमेरा आहे, त्याच्या पोटातच माझा धाकटा भाऊ बसवलेला आहे. तुमच्या मोबाइलमध्येही तो आहे, आणि तोही सगळ्या जगाला राखाडीच समजतो. मी बहुतेक कपाटात असतो. तक्रार नाही. फक्त मला कातडी पाकिटात ठेवा, ओल लागू देऊ नका, अधूनमधून बाहेर काढून सुई हलते का बघा. आम्हा जुन्या यंत्रांना सांभाळा, पण आमचं डोळे मिटून ऐकू नका. समोर काळी म्हैस आली, काळा कोट आला, काळी साडी आली, तर मला आधी सांगा: बाबा रे, हे काळंच आहे, आणि ते काळंच सुंदर दिसतं.