वाचलं

क्लबच्या जर्सी मी एकतीस वर्षं धुतल्या. नवरा मैदान राखायचा, मी कपडे. तो गेल्यावर मैदानाला दुसरा माणूस मिळाला, कपड्यांना मिळाला नाही, कारण मी मिळू दिला नाही. कोपर फाटलेली जर्सी माझ्या हातून गेली की फाटली कुठे होती हे खुद्द फाडणाऱ्याला सांगता यायचं नाही. नंबर मी स्वतः शिवायचे, दुहेरी दोऱ्याने. अक्षरांशी माझं फारसं जमलं नाही, आकड्यांशी मात्र कधी वैर नव्हतं.

शाळेत मी चार वर्षं गेले, तीही धड नाही. वाचता येतं मला. पण मनातल्या मनात येत नाही. एकेक अक्षर तोंडाने लावत, बोट फिरवत वाचावं लागतं. नवऱ्यासमोर वाचायचे, तो हसायचा नाही. सुनेसमोर कधी वाचलं नाही. आमची सूनबाई औषधांच्या दुकानात काउंटरवर असते. डॉक्टरांच्या हातचे किडेमकोडे ती उभ्या उभ्या वाचते. तिच्यापुढे मी बोट फिरवत "का-र-खा" करत बसू? जीव गेला असता तरी बसले नसते.

माझा मुलगा त्याच क्लबचा कोच झाला तेव्हा क्लबमध्ये उरलं काय होतं, तर गोलाचे खांब आणि टेकू. अकरातले दहा जण एकाच उन्हाळ्यात दुसरीकडे गेले. टेकू गेला नाही. त्याचं खरं नाव काहीतरी चांगलं होतं, पण बारा वर्षं मागची फळी त्याने एकट्याने धरून ठेवली म्हणून सगळे टेकूच म्हणायचे. बाकी सगळी नवी पोरं, एकोणीस-वीस वर्षांची. मोजे उलटे काढून टोपलीत टाकायची. पहिल्याच आठवड्यात मी त्यांना ओळीत उभं केलं.

"मोजा उलटा आला तर उलटाच धुणार, उलटाच वाळवणार, आणि उलटाच घालून खेळायचं."

"काकू, मग आम्ही गोलही उलट्या बाजूला मारू," एक जण म्हणाला.

"मारा की. सुलट्या बाजूला तरी कुठे जातोय."

हसली सगळी. मुलगा दारात उभा होता, तोही हसला. कमिटीने त्याला सांगून ठेवलं होतं: संघ वरच्या गटात टिकला तर पुढची तीन वर्षं तुझी. खाली गेला तर तू मोकळा. तीन वर्षं मिळाली तर ही पोरं तयार होतील, असं तो जेवताना, अंघोळीला जाताना, बूट घालताना सांगायचा. मला फुटबॉलमधलं कळायचं तेवढं कळायचं. पण पोराचा चेहरा कळायचा. बाप गेल्यानंतर पहिल्यांदा तो असा उजळला होता.

मग वेळापत्रक आलं. दहा संघ, अठरा सामने, शेवटचे दोन संघ खाली जाणार. आमचे पहिले सात सामने म्हणजे एकापेक्षा एक पैलवान, आणि सातातले पाच दुसऱ्यांच्या मैदानावर. जणू कोणीतरी आकसाने बसून लिहिलं होतं. मुलाने तो कागद धुलाईच्या खोलीत बॉयलरशेजारी टाचला.

"आई, या सातांत मला फक्त चार पॉइंट हवेत," तो म्हणाला. "चार मिळाले तर पुढचे सोपे आहेत. वाचू आपण."

"चार कशाला, दहा घे."

"चार पुरे. बरं, ते खालचं बारीक अक्षरांतलं नीट वाच हां. यंदा काही बदल आहेत."

सूनबाई तेव्हा तिथेच होती, त्याचा डबा घेऊन आली होती. म्हणाली, "अहो आई, मी वाचून दाखवू का? अक्षरं फारच बारीक आहेत."

तिने सरळ मनाने विचारलं होतं. आज कळतं. तेव्हा मला वाटलं, ही मला अडाणी म्हणते आहे, तेही माझ्या बॉयलरपुढे उभी राहून.

"दुकानात वाच," मी म्हटलं. "माझे डोळे अजून शाबूत आहेत."

दोन दिवसांनी मुलाने जाता जाता विचारलं, "आई, वाचलंस ना?"

"वाचलं," मी म्हटलं.

एवढाच शब्द. त्या दोन दिवसांत खोलीत मी एकटी किती वेळ असायचे. बोट फिरवायला कोणी अडवलं नव्हतं. पण सुनेवर फणकारा केल्यावर त्या कागदाकडे बघावंसंच वाटेना. आणि वाचायचं काय त्यात? आमची जर्सी लाल. समोरचा संघही लाल असला तर पाहुण्यांनी दुसऱ्या रंगाची न्यायची, म्हणून आमच्या दोन पिशव्या, लाल जर्सींची एक, पांढऱ्या जर्सींची एक. आमच्या गटात लाल घालणारा संघ एकच, अग्निशमन दलाचा. त्यांच्याकडे जाताना पांढरी पिशवी, बाकी सगळीकडे लाल. एकतीस वर्षांत एकदाही चूक नाही. कोण कुठला रंग घालतो ते मला झोपेतून उठवून विचारलं असतं तरी सांगितलं असतं.

पहिल्या पाच सामन्यांत पोरांनी तीन बरोबऱ्या केल्या. तीन. अग्निशमन दलाशीसुद्धा. तिथून येताना बसमध्ये पोरं इतकी गात होती की ड्रायव्हरने आरसा वळवून बघितलं. मुलगा पुढच्या सीटवर बसून बोटं मोजत होता. "एक राहिला, आई. कारखान्याशी बरोबरी झाली की झालं."

कारखाना म्हणजे कागदाच्या कारखान्याचा संघ. सहावा सामना, त्यांच्या मैदानावर. मी लाल पिशवी भरली. वीस जर्सी, घड्या घालून, नंबराप्रमाणे. चेन लावली. मुलगा म्हणाला, "झालं सगळं?" मी म्हटलं, "कधी नाही झालं?"

कारखान्याच्या मैदानावर कपडे बदलायच्या खोलीला उंचावर एक लांबट खिडकी होती. मी जर्सी बाकांवर मांडत होते. टेकू बाकावर उभा राहून बाहेर बघत होता.

"काकू," तो म्हणाला, "हे लोक लाल घालून पळतायत."

"सरावाचे कपडे असतील. कारखाना निळा आहे, माझा नवरा होता तेव्हापासून."

"पाठीवर नंबर आहेत, काकू."

मुलगा आत आला तेव्हा त्याला बाहेर कोणीतरी सांगितलं होतं. त्याने बाकांवरची लाल रांग बघितली. आवाज चढवला नाही. चढवला असता तर बरं झालं असतं, मी त्याहून मोठा चढवला असता.

"आई, पांढरी पिशवी?"

"कपाटात."

"खाली लिहिलं होतं. कारखान्याचा रंग यंदापासून लाल. तू वाचलं होतंस ना?"

खोलीत सगळी पोरं होती, टेकू होता. मी म्हटलं, "नजरेतून निसटलं असेल."

त्याने माझ्याकडे बघितलं. चार अक्षरं लावत वाचणारी आई त्याला लहानपणापासून ठाऊक होती. त्या एका बघण्यात त्याला सगळं कळलं, आणि त्याला कळलं हे मला कळलं. "ठीक आहे," तो म्हणाला, आणि कारखानावाल्यांकडे जर्सी मागायला गेला.

माणसं भली होती. त्यांनी त्यांच्या गेल्या वर्षीच्या जर्सी दिल्या. निळ्या, छातीवर त्यांचंच चिन्ह, साबणाच्या जागी नुसतं पाणी दाखवलेल्या. आमच्या पोरांनी त्या घातल्या. एकाला गुडघ्यापर्यंत आली, एकाला बेंबीवर. कोणी हसलं नाही.

तरीही खेळले. शेवटची दहा मिनिटं राहिली तेव्हा एक-एक होतं. मी कडेला टॉवेल घेऊन उभी होते आणि मनात म्हणत होते, झालं, सुटले मी.

मग बॉल आमच्या गोलासमोर टेकूकडे आला. दोघं त्याच्या अंगावर धावून आले. टेकू घाईत चेहरे बघत नाही, आजवर त्याला कधी गरज पडली नव्हती. बारा वर्षं तो मान वर करायचा, लाल दिसलं की बॉल द्यायचा. त्याने मान वर केली. लाल दिसलं. बॉल दिला.

अगदी अचूक दिला. त्याच्या आयुष्यातला इतका सुरेख पास मी बघितला नव्हता. कारखान्याच्या पोराला तो पायाशी मिळाला, आणि गोलापुढे आमच्या गोलकीपरशिवाय कोणी नव्हतं. दोन-एक.

टेकू तिथेच उभा राहिला. स्वतःच्या छातीवरची निळी जर्सी चिमटीत धरून बघत होता, ही कुणाची म्हणून.

त्या निळ्या जर्सी मी घरी आणल्या, दोनदा धुतल्या, दोघांच्या उसवलेल्या बाह्या शिवल्या आणि परत पाठवल्या. एवढंच मला येत होतं.

पुढच्या आठवड्यात कमिटीने मुलाला बोलावलं. मी टॉवेलांची चळत घेऊन त्याच खोलीत आले होते, दाराशी उभी होते. सेक्रेटरी म्हणाले, "पिशवी कोण भरतं?"

मुलगा म्हणाला, "नेहमी आई भरते. त्या दिवशी मी भरली. आईला बरं नव्हतं."

सेक्रेटरींनी माझ्याकडे बघितलं. मला कधी साधं पडसं झालेलं त्या क्लबमध्ये कोणाला आठवत नव्हतं. एक वाक्य बोलायचं होतं. तोंडाची मी एवढी फटकळ, अख्खी कमिटी मला बिचकून असायची. आणि मी टॉवेल कपाटात ठेवले, एकावर एक, कडा जुळवून, आणि बाहेर आले.

घरी तो विषय निघाला नाही. सूनबाईने एकदा ताट वाढताना विचारलं, "आई, तुम्हाला त्या दिवशी बरं नव्हतं?" मी म्हटलं, "वाढ आधी." तिने वाढलं. तिलाही सगळं कळलं होतं, दुकानात माणसाचं तोंड बघून दुखणं ओळखणारी बाई ती. पण नंतर एका शब्दाने तिने मला टोचलं नाही. मी तिच्या जागी असते तर रोज टोचलं असतं.

सातातून तीनच पॉइंट आले. पुढच्या सामन्यांत पोरं चांगली खेळली, काही जिंकलीसुद्धा. पण शेवटच्या दिवशी आमच्या वरच्या संघापेक्षा आम्ही एका पॉइंटने मागे राहिलो. एका. टेकू धुलाईच्या खोलीत आला, जर्सी टोपलीत टाकली, सुलटी, आणि म्हणाला, "नाही वाचलो, काकू."

मी वाचलं म्हटलं होतं, आणि माझ्या पोराचा संघ वाचला नाही.

मुलाला मोकळं केलं. आता तो एका गोदामात पाळ्या लावण्याचं काम करतो. मैदानाच्या रस्त्याने जात नाही, लांबून वळसा घालतो.

नवा कोच आला तो चांगला माणूस होता, हे आणखी वाईट. पहिल्याच दिवशी टेकूला घेऊन माझ्या खोलीत आला. म्हणाला, "काकू, मागे तुमच्या मुलाकडून पिशवीचा घोळ झाला म्हणे. आमच्याकडे तसं नाही होणार. पिशवीला तुमच्याशिवाय कोणी हात लावायचा नाही."

टेकू खाली वाकून बुटाची नाडी बांधायला लागला. ती आधीच बांधलेली होती.

मी इस्त्री खाली ठेवली. "पिशवी मी भरली होती," मी म्हटलं. "मला काही झालं नव्हतं. कागद वाचला नव्हता मी, आणि वाचला म्हणून सांगितलं."

आठ महिने जे घशात अडकलं होतं, ते सुईत दोरा ओवायला लागतो तेवढ्या वेळात बाहेर पडलं. कोचने मान हलवली. "बरं बरं. होतं असं. यंदाचं बघा आता." आणि जाळ्या कुठे ठेवल्यात ते विचारून निघून गेला. त्याला त्याचं काय? पोर त्याचं नव्हतं.

सेक्रेटरींनाही सांगितलं. ते म्हणाले, "काकू, आता त्याचा काय उपयोग?" मग धुलाईच्या खोलीची किल्ली मी त्यांच्या टेबलावर ठेवली आणि घरी आले.

मुलगा जेवत होता. मी त्याच्यासमोर बसले आणि सांगितलं, की आज सगळ्यांना खरं सांगून आले. मला वाटलं होतं, त्याच्या मनावरचं ओझं उतरेल.

त्याचा घास हातातच राहिला. "कशाला सांगितलंस?"

"खरं होतं म्हणून."

"संघ गेला, पोरं गेली," तो म्हणाला. "तुला कोणी बोल लावू दिला नाही, एवढं एकच माझ्या हातून धड झालं होतं, आई."

त्याने ताट संपवलं, धुतलं आणि पालथं घातलं. ताट धुवायला मी त्याला कधी शिकवलं नव्हतं.

सूनबाई आतून आली. टेबलावर तिच्या दुकानातला एक कागद पडला होता, औषधाच्या बाटलीतला, मुंगीएवढ्या अक्षरांचा. मी तो ओढून घेतला, बोट ठेवलं आणि तिच्यासमोर मोठ्याने लावायला सुरुवात केली. "औ-ष-ध... ला-हा-न..."

"लहान," ती म्हणाली.

"लहान," मी म्हटलं. "लहान मु-लां-पा-सू-न..."

मुलगा दारात थांबला होता. वळला नाही. मी पुढचं अक्षर लावलं.