डोळ्यातला पडदा

शुक्रवार पेठेतल्या एका दुकानासाठी मायाक्का बावीस वर्षं घरी बसून पडदे शिवत होती. लहानपणी रानात बकरीचं शिंग लागून तिचा डावा डोळा गेलेला. सगळी भिस्त उजव्यावर.

फेब्रुवारीत एका मंगल कार्यालयाच्या पडद्यांचं काम आलं. तिसऱ्या दिवशी सुईत दोरा ओवताना तिच्या डोळ्यात ठिणग्या चमकल्या. संध्याकाळपर्यंत एका कोपऱ्यातून काळं काहीतरी पसरायला लागलं.

"अवं, डोळ्यात पडदा आल्यावानी दिसतंय," ती नवऱ्याला म्हणाली.

जोतिराम हसला. "दिसभर पडदंच बघतीस, दुसरं काय दिसणार? एवढं काम उरकू दे, मग जाऊ की डॉक्टरकडं."

काम उरकायला अठरा दिवस लागले. शेवटच्या पडद्यांची शिवण तिनं बोटांच्या अंदाजानं घातली.

डॉक्टरबाईंनी डोळ्यात औषध टाकून बराच वेळ तपासलं. "डोळ्याचा आतला पडदा सुटलाय. कधीपासून दिसत नाही?"

मायाक्का सांगणार, तोच जोतिराम म्हणाला, "परवापासनं."

तिनंही मान डोलावली. दुसऱ्याच दिवशी ऑपरेशन झालं.

पुढं पट्टी निघाली तेव्हा खिडकीच्या बाजूला नुसता पांढुरका उजेड होता. माणसं नव्हती.

"पडदा आकसून गेला होता," डॉक्टरबाई म्हणाल्या. "हे दोन दिवसांचं नव्हतं. लगेच आला असता तर..."

होटगीला दिलेली लेक, सोनम, खाटेशी उभी होती. ती उसळलीच. "आई, तू कुणाला बोलली का न्हाईस?"

जोतिरामचा श्वास मायाक्काला शेजारीच ऐकू येत होता.

"माझंच चुकलं," ती म्हणाली. "कुणालाच बोलले न्हाय."

सोनम रडत बाहेर गेली. नर्सनं खाटेभोवतीचा पडदा ओढून घेतला. आता दोघंच होते. मायाक्का वाट बघत राहिली. लेकीदेखत नाही तर नाही, आता तरी तो बोलेल. नुसता हात धरला तरी चालेल.

जोतिरामनं पाण्याची बाटली तिच्या हातात दिली.

"तू जरा आधी सांगायचं हुतं की," तो म्हणाला.

मायाक्कानं बाटली घेतली. बराच वेळ ती टोपण चाचपत बसली.