गार्ड येईपर्यंत

भटूचे वडील पहाटे गेले. भटू तुरुंगात होता. चोरीचा खटला, निकाल अजून लागायचा होता. त्याच्या आईने, कमलबाईने, भावकीच्याही आधी धनसिंगला फोन केला.

धनसिंग धरणगावचा. शिक्षा भोगून सुटल्यावर त्याने पंक्चरचं दुकान टाकलं आणि सुटलेल्या माणसांची एक संघटना उभी केली. ही माणसं कोर्टाच्या आवारात बसायची, आत असलेल्यांच्या घरच्यांना वकील गाठून द्यायची. त्यांची एक मागणी जुनी होती : घरात कुणी वारलं तर कैद्याला त्याच दिवशी बंदोबस्तात घरी न्यावं, आणि तसा कायमचा हुकूम असावा.

"मी कोर्टात जातो," धनसिंग संघटनेतल्या प्रमिलाबाईंना फोनवर म्हणाला. "अक्का, तुम्ही भटूच्या घरी पिंपळनेर गाठा. भटू येईपर्यंत मयत उचलू देऊ नका."

प्रमिलाबाई धुळ्यात एका खानावळीत भाकऱ्या करायच्या. त्यांनी पिठाचे हात धुतले, मालकिणीला सांगितलं आणि एसटी धरली. साक्रीपर्यंत त्या खिडकीबाहेर बघत होत्या. शेतात काय उभं होतं ते मात्र त्यांना सांगता आलं नसतं.

अंगणात मंडप टाकला होता. भटूचे काका छगन दाराशीच उभे होते.

"तुम्ही कोण?"

"संघटनेची. मीही आत होते."

ओट्यावरच्या दोन बायका जराशा सरकून बसल्या. प्रमिलाबाईंना त्याचं काही वाटलं नाही.

दुपार कलली तसे छगन त्यांच्याजवळ आले. "बठ्ठा लोके, सगळी भावकी, वाट देखी ऱ्हायनात, बाई. मयत किती वेळ ठेवायचं? तुरुंगातून कोण सोडतं?"

"कोर्टाचा हुकूम निघालाय. धनसिंगभाऊंचा फोन आला होता. आता न्यायला पोलीस मिळाले की झालं."

"आणि नाही मिळाले तर?"

प्रमिलाबाई त्यांच्याकडे वळल्या. मग म्हणाल्या, "आमच्या बांधावर मारामारी झाली. त्यात एक माणूस मेला. घरातल्या सगळ्यांची नावं घातली, माझंही. मी आत असताना माझे मालक वारले. हुकूम माझाही निघाला होता. पण न्यायला पोलीस गार्डच नाहीत, असं म्हणाले. मी लुगडं नेसून गेटजवळ बसले. संध्याकाळी बराकीत परत पाठवलं."

त्यांचा आवाज चढला नाही, उतरला नाही. भाकरीला पाणी किती लागतं ते सांगावं तसं त्या सांगत होत्या.

"मग?"

"मग निर्दोष सुटले. घरी गेले तर त्यांची खाटसुद्धा नव्हती. मला अजून ते गेल्यासारखे वाटत नाहीत, भाऊ. रडूही येत नाही. गावाला गेलेत, एवढंच वाटतं."

छगन मागे वळले. जाऊन मंडपातल्या माणसांना म्हणाले, "बसा. भटू येई."

तिकडे धनसिंग आणि संघटनेची माणसं गार्ड मिळावा म्हणून पोलीस मुख्यालयाच्या फाटकासमोर बसून होती. आत जाऊन विचारायचं, बाहेर येऊन बसायचं, पुन्हा आत जायचं. उन्हं उतरताना त्याचा फोन आला. "गाडी निघाली, अक्का." त्याचा घसा बसला होता.

गाडी आली तेव्हा घराघरांत दिवे लागले होते. भटू खाली उतरला. हातात बेडी, दोर हवालदाराच्या मुठीत. कमलबाई त्याच्या अंगावर कोसळल्या, पण त्याला त्यांना धरता येईना.

"साहेब, खांदा द्यायचाय त्याला," प्रमिलाबाई म्हणाल्या.

हवालदाराने तिरडीकडे पाहिलं. मग भटूचा एक हात मोकळा केला.

भटूने खांदा दिला, मडकं धरलं, अग्नी दिला. हवालदार दोर धरून मागे उभा होता. परत गाडीकडे येताना भटू प्रमिलाबाईंपाशी थांबला.

"अक्का, माले रडू येत नही."

"माले बी येत नही. तू देखं ना बापले?"

"देखं."

"मग झालं. जाय आता."

पुढच्या आठवड्यात संघटनेची माणसं अधिकाऱ्यांना भेटली. प्रमिलाबाईंनी आपली हकीकत पुन्हा सांगितली, तशीच. साहेबांनी पूर्ण ऐकून घेतलं. प्रत्येक प्रकरण वेगळं असतं, म्हणाले. कायमचा हुकूम काही निघाला नाही. धनसिंगने बाहेर आल्याबरोबर वकिलाला फोन लावला, उच्च न्यायालयात अर्ज करायचं ठरलं.

दुसऱ्या दिवशी ते सगळे नेहमीसारखे कोर्टाच्या आवारात बसले होते. छगन पिंपळनेरहून आले, चपला काढून सतरंजीवर टेकले.

"भाऊ, भटूची तारीख आज नाही," धनसिंग म्हणाला.

"माले माहीत शे."

प्रमिलाबाईंनी सरकून त्यांना जागा करून दिली. समोरून एक म्हातारी हातातला कागद उलटासुलटा करत येत होती. छगनांनीच तिला हाक मारली.