पहिल्या रांगेतला लाल सोफा

मित्रांनो, मी एक जुना सोफा आहे, आणि हे सांगताना मला विशेष काही वाटत नाही.

माझा जन्म सोलापुरात झाला. मल्लिकार्जुन नावाच्या सुताराने बाभळीच्या लाकडाचा माझा सांगाडा केला, पोटात काथ्या आणि स्प्रिंगा भरल्या आणि वरून लाल मखमल ठोकली. मग तो स्वतः माझ्यावर बसला आणि म्हणाला, "बसतंय की." माझं बारसं एवढंच झालं.

तिथून मंडपवाले रहिमतुल्ला चाचा मला घेऊन गेले. सुरुवातीची वर्षं मानाची होती. माझ्यावर नवरा-नवरी बसायचे. "या सोफ्यावर बसलेली एकही जोडी मोडली नाही," असं चाचा गिऱ्हाइकांना सांगायचे. त्यांनी तशी चौकशी केलेली नव्हती.

मखमल विटली तेव्हा मला लग्नांतून काढून भाषणांना लावलं. पाठीवर पांढरा टॉवेल आला. उद्घाटनं, शोकसभा, गुणगौरव सोहळे. एकदा एक प्रमुख पाहुणे माझ्यावर झोपले ते स्वतःच्या भाषणालाही उठले नाहीत. दुसऱ्या कोणीतरी ते भाषण वाचलं. फरक कोणालाच कळला नाही. त्याच सुमारास माझ्या मधल्या भागाखालची पट्टी सुटली आणि तिथलं मला काही जाणवेनासं झालं. मी कोणाला सांगितलं नाही. सोफ्याला तशी सोय नसते.

गेल्या हिवाळ्यात 'तिसरी घंटा' नावाचा रॉक बँड शहरात आला. त्यांचा ड्रमवाला बँकेत लागला होता, त्यामुळे हा त्यांचा शेवटचा कार्यक्रम होता. आयोजक होते क्लास चालवणारे यज्ञेश्वर सर. त्यांना कार्यक्रमाची एकच पद्धत ठाऊक होती.

"पाच सोफे पहिल्या रांगेत लावा," सर म्हणाले.

"सर, रॉकचं हाय हे. त्यात पब्लिक उभं राहतंय," चाचा म्हणाले.

"पब्लिक राहू दे की उभं. पाहुणे कसे उभे राहतील?"

चाचांनी पोरांना सोफे उतरवायला सांगितले. स्टेजसमोर आम्ही पाच सोफे, आमच्यापुढे टीपॉय, त्यावर पाण्याच्या बाटल्या, आमच्यामागे बांबू, आणि बांबूमागे लोक, अशी रचना झाली.

दुपारी बारापासून बांबूला चाळीसेक माणसं येऊन टेकली होती. कार्यक्रम साडेचारला होता. ही माणसं आरडाओरडा करत नव्हती. बांबू धरून उभी होती, बँकेत लायनीत उभी राहावीत तशी. माझ्या बरोबर मागे माळशिरसच्या दुर्गाबाई होत्या. तहसील कचेरीत कारकून, वय सेहेचाळीस, साडीवर बँडचा काळा टी-शर्ट. शेजारी दुधनीचा हारून, ट्रकच्या वायरिंगचं काम करणारा. दोघांची ओळख फक्त कार्यक्रमांतली.

"ताई, कोल्हापूरला दिसला न्हाई तुमी."

"आले होते की. तुम्ही खांबामागं होता."

"आज 'विहीर' म्हणत्यात का?"

"म्हणायलाच पाहिजे. परत कुठं म्हणणार? बँकेत?"

मित्रांनो, 'विहीर' हे त्या बँडचं एक गाणं. ते कुठेच छापलेलं नाही, मोबाइलवरही नाही. मैदान शांत असेल तरच ते म्हणायचं, असा गायकाचा नियम. गाण्यात एक बादली विहिरीत सोडली जाते. दुर्गाबाईंनी ते तीन वर्षांपूर्वी सांगलीत ऐकलं, आणि बादली खाली पोचली तेवढ्यात वीज गेली. पुढे कोल्हापूरला कोणीतरी मध्येच शिट्टी मारली, गायकाने गिटार खाली ठेवली. बादली वर आली की नाही, हे दुर्गाबाईंना अजून माहीत नव्हतं. हारूनलाही नव्हतं. दोघं तेवढ्यासाठी आले होते.

चारनंतर बाकीचे दोन हजार आले. हे लोक वाईट नव्हते. त्यांना बँडच्या एका गाण्यातला पंधरा सेकंदांचा तुकडा पाठ होता. तो रीलवर चालला होता. ते स्टेजकडे पाठ करून फोटो काढत होते आणि कोणी गिटारची तार पिळली तरी "तेच हाय बघ ते" म्हणत होते.

आधी दीपप्रज्वलन झालं, मग सत्कार. बँडच्या चौघांना एकेक चादर आणि नारळ. नारळ कुठे ठेवायचा हे ड्रमवाल्याला सुचेना, म्हणून त्याने तो मोठ्या ड्रममध्ये टाकला. पहिली तीन गाणी त्यामुळे जरा वेगळी वाजली. चाळीस जणांना ते लगेच कळलं आणि त्यांनी एकमेकांकडे काळजीने पाहिलं. दोन हजार जणांना काहीच कळलं नाही. माझ्यावरचे पाहुणे कानात कापूस घालून आले होते. ते तिसऱ्या गाण्याला उठले आणि बाकीच्या सोफ्यांनाही घेऊन गेले, म्हणजे त्यांच्यावरच्या माणसांना. पाच रिकामे सोफे बँडकडे पाहत राहिले.

बांबू ओलांडून पुढे यायला कोणीही अडवलं नसतं. ते चाळीस जण आले नाहीत. ते जिथे होते तिथेच होते.

सव्वासहाला रीलवालं गाणं सुरू झालं. मागून एक लोंढा आला, बांबू आडवे झाले, चाळीस जण बाजूला ढकलले गेले. माझ्यावर नऊ माणसं चढली. माझ्यावर तिघांची जागा आहे. ती नऊ माणसं हातात मोबाइल उंच धरून उड्या मारत होती. मला काही वाटत नव्हतं. पंधरा सेकंद झाले. गाणं अजून बरंच शिल्लक होतं, पण लोकांचं झालं होतं. गाड्या आधी निघाव्यात म्हणून सगळे पार्किंगकडे पळाले. माझ्यावरचे आठ जण उतरले. नववी उतरू शकली नाही.

ती समरा, कॉलेजातली मुलगी. तिचा पाय माझ्या मधल्या भागातून आरपार गेला होता आणि घोट्याला स्प्रिंगेची तार रुतली होती. मैत्रिणी पुढे निघून गेल्या होत्या. गर्दीत प्रत्येकीला वाटलं, ती दुसरीबरोबर आहे.

दुर्गाबाईंनी पडलेला बांबू ओलांडला आणि माझ्यासमोर गुडघ्यावर बसल्या. हारूनने खिशातून पक्कड काढली. गेटवर त्याची पाण्याची बाटली काढून घेतली होती, पक्कड राहू दिली होती.

"तार लई आत गेलीया," तो म्हणाला. "मी वाकवतो, तुमी पाय ओढा. पण ओढताना ही वरडणार बघा."

नेमकं तेव्हाच रीलवालं गाणं संपलं आणि मैदानही रिकामं झालं होतं. गायकाने समोर पाहिलं. त्याला शांतता दिसली. त्याने गिटार बदलली आणि पहिली तार छेडली. ती 'विहीर' होती.

दुर्गाबाईंचे हात थांबले. एक क्षणच.

"चला," त्या हारूनला म्हणाल्या. "तार वाकवा, मी ओढते."

"ताई, पोरगी वरडली तर तो थांबतोय की."

"थांबू दे."

समराने दोघांकडे पाहिलं. तिला ते गाणं माहीत नव्हतं. तिला विहीरही माहीत नव्हती, बादलीही नाही. तिला एवढंच दिसलं, की टी-शर्ट घातलेल्या एका काकूंचा चेहरा उतरला आहे.

"किती मिनिटांचं आहे?" तिने विचारलं.

"चार असंल," हारून अंदाजाने म्हणाला.

"मग होऊ द्या आंटी. नंतर ओढा."

"अगं, पाय सुजंल."

"सुजू द्या की. आता बोलू नका, नाहीतर तोच थांबेल."

तिने माझा पांढरा टॉवेल ओढला आणि त्याचं टोक दातात धरलं. दुर्गाबाईंनी तार आणखी रुतू नये म्हणून दोन्ही हातांनी धरून ठेवली. त्यांची पाठ स्टेजकडे होती, गाल माझ्या काथ्यावर. हारूनने डोळे मिटले. बाकीचे अडतीस जण आमच्याभोवती येऊन उभे राहिले, कोणाचा धक्का लागू नये म्हणून. धक्का मारायला कोणी उरलंच नव्हतं, तरी उभे राहिले. चार मिनिटं समरा मध्येमध्ये थरथरत होती. मला ते जाणवलं, असं मी म्हणणार नाही. पण मी हललो नाही. तेवढं मला जमतं.

गाणं संपलं. हारूनने तार वाकवली, दुर्गाबाईंनी ओढलं, समरा ओरडली. खूप ओरडली. स्टेजवरून गायकाने हात जोडले. त्याला वाटलं, दाद आहे.

पाय सुजला होता, पण मोडला नव्हता. दुर्गाबाईंनी टॉवेल पाण्याने भिजवून त्यावर बांधला.

"आंटी, मला नीट ऐकूच आलं नाही. बादली वर आली का?"

"आली."

"पाणी होतं त्यात?"

"ते नाही सांगितलं त्यानं," दुर्गाबाई म्हणाल्या, आणि तीन वर्षांत पहिल्यांदाच त्यांना घरी जायची घाई झाली.

आता मी चाचांच्या गोदामात उभा आहे, म्हणजे मला उभंच ठेवलं आहे, भिंतीला लावून. माझ्यावर कोणी बसत नाही. मला त्याचंही विशेष काही नाही.

मित्रांनो, कार्यक्रमाला जरूर जा. एका गाण्यासाठी जा, अर्ध्यासाठी जा, पंधरा सेकंदांसाठी गेलात तरी माझी हरकत नाही. फक्त निघताना सोबतचे सगळे आहेत का, ते एकदा बघा. आणि शेजारी कोणी डोळे मिटून ऐकत असेल, तर त्याचं ऐकून होईपर्यंत जरा कळ काढा. चार मिनिटं माणसाला जमतं. मी पाहिलं आहे.